पांढऱ्या नाकाचा कोयश्या

माझी सारी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यांत गेली. भुसावळ, भडगाव, जळगाव आणि शेवटी धुळे. पोळ्याच्या सुमारास खुरांच्या तक्रारी, पावसाळ्यात घटसर्प, बारा महिने गायीम्हशींची अडलेली बाळंतपणं. मी नवीन होते तेव्हा शेतकरी दवाखान्याच्या दारात बैल उभा करून विचारायचे, "साहेब कोठे शेत?" म्हणजे साहेब कुठे आहेत. साहेब मीच, असं सांगितलं की ते एकदा माझ्याकडे, एकदा बैलाच्या शिंगांकडे बघायचे. बैलाची पुरती तपासणी होऊन तो मुकाट्यानं घरी गेला की पुढच्या वेळी आपोआप "डॉक्टरबाई" म्हणायचे. बैलानं स्वीकारलं की मालकही स्वीकारतो, हे मी तिथं शिकले.

कुत्री आमच्याकडे फारशी यायची नाहीत. आलीच तर पिसाळल्याच्या संशयानं. ऐंशीच्या दशकात खानदेशातल्या खेड्यांत कुत्र्याला डॉक्टर लागतो ही कल्पनाच लोकांना गमतीची वाटे. म्हणूनच माझ्या आयुष्यातला जो रुग्ण मला आजही नीट आठवतो, तो एक कुत्रा असावा याचं मलाच नवल वाटतं.

त्याच्याकडे वळण्याआधी थोडं मागचं सांगायला हवं. भुसावळला असताना दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतले एक इंजिनीयर त्यांचा अल्सेशियन घेऊन आले. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यातून लालसर तपकिरी पडदा बुबुळावर चढत होता. इंजिनीयरसाहेबांचं ठाम मत, चिमणीची राख डोळ्यात गेली. मलाही आधी तसंच वाटलं. पण राख साऱ्या वसाहतीवर पडत होती आणि बाकीच्या कुत्र्यांचे डोळे लख्ख होते. मुंबईच्या कॉलेजमधल्या माझ्या जुन्या सरांना मी फोन लावला. ट्रंककॉल लागायला अर्धी दुपार गेली. सर म्हणाले, "बाहेरून काही गेलेलं नाही गं. शरीर स्वतःच्याच डोळ्याशी भांडतंय. या जातीत असतं. ऊन लागलं की भांडण वाढतं."

शरीर स्वतःशी भांडतं, ही गोष्ट मी परीक्षेसाठी पाठ केली होती. समोर बघितली ती तिथं पहिल्यांदा. त्या अल्सेशियनला आयुष्यभर थेंब टाकावे लागले आणि त्याची नजर टिकली.

पुढे माझी बदली भडगावला झाली. गिरणाकाठच्या एका गावाहून एकनाथआबा म्हणून एक शेतकरी बैलगाडीत कुत्रा घालून घेऊन आले. आबांची लिंबाची बाग होती. अंगापिंडानं दणकट माणूस, बोलणं मात्र हळू. कुत्रा होता डांबरासारखा काळा. त्यांच्या बोलीत कोळशाला कोयसा म्हणतात, म्हणून त्याचं नाव कोयश्या. आबांचे मेहुणे दीपनगरला ठेकेदाराकडे कामाला होते, त्यांनी हे पिल्लू आणून दिलेलं. आई गावठी, बाप अल्सेशियन. बापाचे कान त्याला मिळाले होते, आईची चिवट तब्येतही.

"बाई, याले दिसत नही शे," आबा म्हणाले. "डोयामा काहीतरी गयं शे."

कोयश्याचे दोन्ही डोळे लालभडक झाले होते. पाणी गळत होतं. उजेडाकडे तोंड केलं की तो कळवळून मान फिरवायचा. आमचे पट्टीबंधक दगडूभाऊ, म्हणजे मलमपट्टी करणारे मदतनीस, मारक्या वळूला दावं घालणारा माणूस. पण कुत्र्याचा दात दिसला की ते कपाटाआड जायचे. "बाई, कुत्र्याला तोंडात हत्यार असतं," हे त्यांचं कायमचं उत्तर. म्हणून आबांनीच डोकं धरलं आणि मी बॅटरी मारून बघितलं. बुबुळावर ओरखडा नव्हता, काटा नव्हता, कुसळ नव्हतं. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी आकसलेली आणि डोळ्याच्या आतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. दुखणं आत होतं आणि दोन्हीकडे सारखंच होतं. काटा जातो तो एका डोळ्यात जातो.

बाहुली मोठी करणारे आणि सूज उतरवणारे थेंब मी दिले. डोळे थोडे निवले, पण पूर्ण नाही. काही आठवड्यांनी आबा पुन्हा आले, तेव्हा कोयश्याला बघून दगडूभाऊसुद्धा कपाटाआडून बाहेर आले. त्या काळ्याभोर कुत्र्याचं नाक गुलाबी पांढरं पडलं होतं. ओठांच्या कडा, पापण्या, सगळं पांढरं. नाकावर खपल्या धरल्या होत्या. भुवयांवरचे केसही पांढरे होऊ लागले होते. कुणी पिठाच्या डब्यात त्याचं तोंड बुचकळून काढावं तसा तो दिसत होता.

आबांनी त्या दिवशी त्याच्या तोंडाला हात लावला नाही. दोरी लांब धरून उभे राहिले.

"बाई, याले सुई दी टाका."

"कसली सुई, आबा?"

"मरानी." ते खाली बघत म्हणाले. "मनी आंडेरना पायवर पांढरा डाग उठना शे. बठ्ठा गाव म्हणस, कुत्रापाईन पोरले लागनं."

आंडेर म्हणजे मुलगी, बठ्ठा म्हणजे सगळा. इंदू, त्यांची एकुलती एक. नुकतीच बारावी झालेली, लग्नाचं बघणं सुरू होतं. कोड फुटलेली पोर म्हणजे घरावरच डाग, असं मानणारा तो काळ. आज तो पार सरलाय असं म्हणायची माझी हिंमत नाही.

"आबा, हा रोग कुत्र्याकडून माणसाला लागत नाही," मी सांगितलं.

"तुम्ही सांगतस ते खरं व्हई. पन गावले कोन सांगी?" त्यांचे डोळे भरून आले होते. "कुत्रा दुसरा भेटी जाई, बाई. पोरनं काय?"

माझ्याकडे सुई होती. मालकानं मागितली तर द्यायचा अधिकारही होता. बरी न होणारी, हाल हाल होणारी जनावरं मी शांत केलेली आहेत आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण या कुत्र्याला जगायचं होतं. खाली बसून तो माझ्या चपलेचा वास घेत होता. मी आबांना म्हटलं, "मला आठवडाभर द्या. मुंबईच्या सरांना विचारते. तोवर याला दवाखान्यात ठेवा." ते दोरी माझ्या हाती देऊन गेले.

सरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. आधी डोळे, मग नाक, ओठ, पापण्या, हा क्रम ऐकताच ते म्हणाले, "माणसातही असाच एक आजार आहे. कातडीला, डोळ्याला, केसाला ज्यामुळे काळेपणा येतो, त्या रंगाच्या पेशींवरच शरीर उलटतं. कुत्र्यात क्वचित दिसतो. तुला दिसलाय, तर नशीबवान आहेस." मग म्हणाले, "कुत्रा मात्र नशीबवान नाही. थेंबांनी भागायचं नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या मोठ्या मात्रेत सुरू कर आणि फार सावकाश कमी कर. घाई केलीस तर डोळे जातील."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोयश्याच्या नाकाच्या खपल्या पुसत होते, तेवढ्यात एक मुलगी एस.टी.तून उतरून थेट आत आली. आवाज ऐकताच कोयश्यानं शेपटीनं जमीन झोडपायला सुरुवात केली. ही इंदू, हे त्यानंच मला सांगितलं.

"घरी माहीत आहे, तू इथं आलीस ते?"

तिनं मान हलवली. नाही. दगडूभाऊ बाहेर गेल्याची खात्री करून तिनं साडीचा काठ थोडा वर घेतला. घोट्याजवळ रुपयाएवढा एक डाग होता आणि टाचेकडे दुसरा, त्याहून मोठा.

"हा नवा नाही बाई," ती म्हणाली. "याच्या डोळ्यांच्या कितीतरी आधीचा आहे. मी दाखवला नाही कोणाला. आता आईला दिसला, म्हणून बठ्ठ्यांना वाटतं कुत्र्यापासून झाला." मग जे बोलली ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. "बाई, मी याला माझ्या ताटातली भाकर देते. रोज. माझ्यापासून तर याला लागलं नाही ना?"

म्हणजे सगळा गाव कुत्र्याला दोष देत होता आणि ही पोर एकटी रात्रंदिवस स्वतःला दोष देत बसली होती. तो मारला जाणार ते आपल्यामुळे, असं तिनं मनाशी धरलं होतं आणि ते सांगायला ती घरच्यांना चोरून आली होती.

मी तिला समोर बसवलं. पुस्तकातले शब्द काही उपयोगाचे नव्हते. मी म्हटलं, "तुमच्या बागेला राखणदार आहे ना?"

"आहे."

"समज, त्याचं डोकं फिरलं आणि तो घरच्याच माणसांना चोर समजून काठी घालायला लागला. शरीरातही राखण असते. रोगाचे जंतू आले की ती त्यांना मारते. कोयश्याच्या राखणीनं त्याचा काळा रंगच चोर ठरवलाय. तुझ्या पायापाशीही तसंच काहीतरी झालंय. पण त्याचा राखणदार त्याचा, तुझा तुझा. एकाचं भांडण दुसऱ्याच्या घरात जात नाही. भाकरीतून तर नाहीच."

तिनं घोट्याच्या डागावरून बोट फिरवलं. "दुधाबरोबर मासे खाल्ले म्हणून होतं, म्हणतात."

"तू खाल्लेस?"

"आम्ही माळकरी आहोत, बाई!" असं म्हणून ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. कोयश्या उठून तिच्या मांडीवर डोकं ठेवून उभा राहिला.

रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "मग राखणदाराला काढूनच टाकायचं का?"

"काढला तर खरा चोर आल्यावर कोण अडवणार? त्याला जरा गुंगी आणायची. गोळ्यांनी तेच होतं. पण गुंगीतला राखणदार कुचकामीही असतो, म्हणून जखमा, ताप यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. हे महिनोन्‌महिने करावं लागेल. कोण करेल?"

"मी," ती म्हणाली.

"आणि तुझ्यासाठी जळगावला त्वचेचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जायचं. मी जनावरांची डॉक्टर, तुझ्या पायावर औषध देणार नाही."

त्या आठवड्यात त्यांच्या गावी एका म्हशीला बघायला जायचं होतंच. मी लूनाच्या पायदानावर कोयश्याला बसवलं, इतका तो शहाणा, आणि आबांच्या मळ्यात गेले. लिंबाला बहर होता. आबा, इंदूची आई आणि इंदू, तिघं खोपीपाशी होती. मी सुरुवात करणार, तोच इंदू पुढं आली आणि डाग किती जुना आहे ते तिनं स्वतःच सांगून टाकलं. त्यांच्या बोलीत, एका दमात.

आबांचा चेहरा उतरला. "मंग तू सांगं कसाले नही?"

"मंग माले बी सुई दी टाकतात का?"

बागेत कुठंतरी मोटारीचं पाणी पाटात पडत होतं. आई पदर तोंडाला लावून खोपीत गेली. आबा उठले, कोयश्याजवळ आले, वाकले आणि त्याच्या मानेखाली खाजवू लागले. नाकाला अजूनही हात लावला नाही. पण माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "गोळ्या कवय द्यान्या? जेवानंतर का आधी?"

जेवणानंतर, मी सांगितलं.

मग सुरू झालं ते लांबलचक दुखणं. या रोगाची एक खोड आहे, तो बरा होत नाही, नुसता दबतो. गोळ्यांनी कोयश्याला राक्षसी भूक लागली. एरवी कोणाच्या शिंक्याकडे न बघणाऱ्या या कुत्र्यानं मजुरांच्या भाकरी पळवल्या, एकदा तर सत्यनारायणाच्या प्रसादाचं पातेलं चाटून ठेवलं. पाणी इतकं प्यायचा की इंदूची आई म्हणाली, एका लिंबाच्या झाडाचं पाणी याच्या वाट्यालाच घातलंय. नाक उन्हानं सोलवटायचं, म्हणून दिवसा त्याला दाट झाडाखाली बांधायचं ठरलं. इंदू दिवसातून कितीदा तरी थेंब टाकायची. डोकं गुडघ्यांत धरून पापणी खाली ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, हे ती एकदाच बघून शिकली.

नाकाच्या खपल्या गेल्या. उजवा डोळा निवळला. डाव्या डोळ्याचं मात्र माझ्या हातून काही झालं नाही. आतलं पाणी तुंबून तो टणक झाला, मोठा झाला, ठणकू लागला. शेवटी भडगावच्या दवाखान्यात, म्हशींसाठी केलेल्या टेबलावर, मी तो काढला. दगडूभाऊंनी त्या दिवशी पहिल्यांदा कुत्र्याचे पाय धरले. डोळे मिटून धरले, पण धरले. शुद्धीवर आल्यावर कोयश्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला दिसला, तेव्हा कळलं की तो किती दिवस दुखणं सोसत होता. जनावर सांगत नाही. आज असतात ती औषधं तेव्हा असती तर तो डोळा राहिला असता का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

इकडे एरंडोलचं एक स्थळ इंदूला बघायला आलं. आबांनी आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन फार अवघडून विचारलं, डाग भाजल्याचा आहे असं कोणी मोठ्या माणसानं सांगितलं तर? मी म्हटलं, "आबा, मी सांगायला गेले तरी इंदू सांगू देणार नाही." तसंच झालं. चहाचे कप खाली ठेवायच्या आत तिनं सगळं सांगितलं. पाहुणे सभ्य होते. नंतर कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही.

आबा खचले. मला वाटलं, आता ते कोयश्यावर राग काढतील. पण त्यांनी बागेत जाऊन त्याच्यासाठी पालापाचोळा काढून झाडाखालची गार जागा साफ केली, असं इंदूनं सांगितलं. दुःखाला काहीतरी काम लागतं.

दीडेक वर्षानंतर चाळीसगावकडचा एक मुलगा आला. जिनिंग कारखान्यात नोकरीला. सोबत एकच बाई होती. इंदूनं नेहमीप्रमाणे बसल्या बसल्या पाय पुढं केले. मुलगा बघत राहिला आणि म्हणाला, "मना मावशीना हातले बी शे. तिनाच हातनं खाईसन मी मोठा व्हयनू." आणि सोबत आलेल्या त्या बाईंनीच पदराखालचे दोन्ही हात बाहेर काढले. मनगटापासून बोटांपर्यंत पांढरे. तिचं लग्न कधी झालंच नव्हतं. आई गेलेल्या भाच्याला तिनं वाढवलं होतं.

लग्नाला मला बोलावणं होतं. हळदीच्या दिवशी मी मळ्यात गेले. बायका इंदूभोवती बसल्या होत्या, पण पायाला हळद लावताना हात जरा अडखळत होते, ते मला दिसलं आणि इंदूलाही दिसलं. ती म्हणाली, "मावशीला बोलवा." नवऱ्या मुलाची मावशी त्यांच्याकडची हळद घेऊन आलेली होती. कोणीतरी कुजबुजलं, ती सवाशीण नाही, हळद कशी लावणार? इंदूनं पाय जवळ ओढून घेतले. मावशी आली, खाली बसली, तिनं पोरीचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि घोट्यापासून टाचेपर्यंत हळद चोळली. मग बाकीच्या बायकाही लावू लागल्या. हळूहळू गाणी सुरू झाली.

गलबला वाढला तसा कोयश्या वास काढत मांडवात आला. एक डोळा, पांढरं तोंड, बाकी सारा काळा. हळदीनं माखलेले हात वर धरून इंदूनं मला हाक मारली. आज ती शाळेतली मराठी विसरली होती.

"बाई, कोयश्याना थेंबनी येळ व्हई गई. मना हात हयदना शेतस. आज तुम्हीच टाका."

मी पिशवीतून बाटली काढली. कोयश्याला धरायला गेले, तेवढ्यात कोणाचा तरी हात माझ्या हातावर आला. आबा होते. नवा फेटा बांधलेला, नवं धोतर, आणि तसेच ते मातीत बसले.

"ऱ्हाऊ द्या बाई. सकायपाईन हाई काम मनंच शे," म्हणजे उद्यापासून हे काम माझंच. "माले दखाडा, पापणी कशी धरानी."

मी दाखवलं. आबांनी कोयश्याचं डोकं गुडघ्यांत घेतलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या पांढऱ्या नाकावर आपला पंजा ठेवला. पहिला थेंब गालावरून ओघळला. दुसरा कानाशी गेला. मांडवातल्या पोरी हसल्या. कोयश्या मात्र हलला नाही.

तिसरा थेंब डोळ्यात पडला.

आबांनी वर बघितलं आणि मुलीला विचारलं, "बराबर?"

"बराबर," इंदू म्हणाली.